गाडीला ओझं कळतं, आपण तिला कळू देतो का?

ट्रक आणि बसमध्ये आपोआप लागणारे ब्रेक, चालकाला डुलकी लागली की वाजणारी घंटा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा मार्च २०२५ चा मसुदा आला तेव्हा चर्चा झाली ती एवढ्याचीच. त्याच मसुद्यात गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचीही सक्ती सुचवली होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गोदाकाठच्या माणसाने मात्र तेवढा भाग दोनदा वाचायला हवा.

सायखेड्याच्या उपबाजारात हंगामात कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागते. उसाचं गाळप सुरू झालं की मोळ्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच रचलेल्या ट्रॉल्या गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीकडे, महामार्गाला लागतात. वळणावर ट्रॉली पलटी झाली की लोक म्हणतात, चालकाने जोरात मारली. मला हे उत्तर अपुरं वाटतं. किती वेग म्हणजे जोरात, हे त्या दिवशी भरलेल्या मालाच्या उंचीवर ठरतं.

साधा हिशेब करून पाहू. समजा, ट्रॉलीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.६ मीटर अंतर आहे आणि भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आहे. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ती कागदोपत्री ताशी ५५ किलोमीटरला कलंडेल. मोळ्या उंच रचून तोच मध्य दोन मीटरवर नेला, तर ३९ लाच. रस्ता तोच, चालक तोच, पण त्याच्या हातातले सोळा किलोमीटर गेले. शिवाय प्रत्यक्षात टायर दबतात, माल सरकतो, त्यामुळे चाक याहूनही आधी उचलतं.

बैलगाडी हाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नव्हतं. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ व्हायची, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार यायचा, आणि गाडीवान उतरून दोन पोती इकडची तिकडे करायचा. दोन चाकी ट्रॉलीचंही तेच आहे. मागे जड झाली की ती ट्रॅक्टरचा हूक वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड सुटते. पुढे जड झाली की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

यंत्राला ही जाण देण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात एका डच अभियंत्याचं, आंतोन फान झांटेन यांचं. नाशिककर जिला अजूनही मायको म्हणतात, त्या बॉश कंपनीत जर्मनीत त्यांच्या चमूने तोल सांभाळणारी ही यंत्रणा घडवली आणि १९९५ मध्ये ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली. चालकाने स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी खरोखर किती वळते आहे, याची ती सेकंदाला पंचवीस वेळा तुलना करते. फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. तरी हा महागड्या गाड्यांचा थाटच समजला जात होता. मग १९९७ मध्ये स्वीडनच्या एका नियतकालिकाने मर्सिडीजची छोटी ए-क्लास रस्त्यात अचानक आडव्या आलेल्या सांबरासारख्या प्राण्याला चुकवण्याच्या चाचणीत वळवली आणि गाडी उलटली. कंपनीला ही यंत्रणा त्या छोट्या गाडीत सरसकट द्यावी लागली. फान झांटेन यांना २०१६ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डचा जीवनगौरव मिळाला. माझ्या मते तो उशिराच मिळाला.

कारचं वजन फारसं बदलत नाही. ट्रकचं काम अवघड आहे, कारण सकाळी रिकामा असलेला ट्रक संध्याकाळी दुप्पट-तिप्पट जड असतो. म्हणून ट्रकमधली यंत्रणा आधी ओझं ओळखते. हवेच्या फुग्यांवर उभा असलेला ट्रक त्या फुग्यांतल्या दाबावरून ते जाणतो. दुसरी रीत मला फार आवडते: इंजिनाने किती जोर लावला आणि गाडी किती वेग धरू शकली, यावरून ट्रक चालता चालता स्वतःला तोलतो. अनुभवी ड्रायव्हर पायाखालच्या ॲक्सिलरेटरवरून ‘आज गाडी जड आहे’ म्हणतो, तेच हे. अमेरिकेत डॅलस ते ह्यूस्टन २०२५ मध्ये चालकाविना मालवाहतूक सुरू झाली. तिथे ड्रायव्हरचा हा पाय नाही, त्यामुळे सगळी मदार मोजमापावर आहे.

आता आपल्याकडे येऊ. मसुदा आहे मोठ्या प्रवासी गाड्यांसाठी आणि साडेतीन टनांवरच्या ट्रकसाठी. पिकअप त्यात नाही, ट्रॅक्टरची ट्रॉली तर नाहीच. म्हणजे शेतातून बाजारापर्यंतचा माल ज्या चाकांवर जातो, तीच वगळली गेली. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. मागून रेटणारे टन ट्रॅक्टरने एकट्याने अडवायचे.

आणि जिथे ओझं ओळखणारं यंत्र आहे, तिथे आपणच त्याचे डोळे बांधतो. अनेक पिकअप आणि छोट्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ एक बारीक दांडी असते. माल भरला की गाडीचा सांगाडा खाली बसतो, दांडी हलते आणि तिच्याशी जोडलेला व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब देतो. जास्त माल बसावा म्हणून आपण कमानपाट्यात एक-दोन पाटे वाढवतो. गाडी मग भरूनही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि गरज असते त्याच क्षणी गाडी थांबायला जास्त अंतर घेते. जादा मालाला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण पाटा वाढवला की ब्रेक बिघडतो, हे पावतीवर कुठे लिहिलेलं नसतं.

मोठी यंत्रणा ट्रॉलीपर्यंत येईल तेव्हा येईल. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक मात्र आजही बसवता येतो आणि कारखान्यांनी ऊसवाहतुकीचा करार करताना तो मागायला हवा. बाजार समितीत आणि कारखान्यात प्रत्येक गाडी काट्यावर जातेच. त्या पावतीवर मालाच्या वजनाशेजारी गाडीची मंजूर क्षमताही छापा. आणि पिकअपवाल्यांनो, पाटा वाढवलेला असेल तर पुढच्या खेपेआधी गाडी गॅरेजला न्या, जादा पाटा काढून घ्या आणि मागच्या ॲक्सलजवळची ती दांडी तपासून घ्या.