वर्गातील हवा आणि कायदा

अन्नावाचून मनुष्य काही आठवडे आणि पाण्यावाचून दोन-तीन दिवस तग धरू शकतो. हवेवाचून मात्र त्याला काही मिनिटांपलीकडे जगता येत नाही. असे असूनही हवेविषयी आपण फारच उदासीन असतो. पाणी गढूळ दिसले तर ते आपण ओतून देतो. हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जशी मिळेल तशी आत घेतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना किमान १००० तास अध्यापन व्हावयास हवे. म्हणजे आठ वर्षांत प्रत्येक बालक ७००० तास शाळेत श्वास घेते. जेथे बसणे कायद्याने आवश्यक केले, तेथील हवेची काळजीही कायद्याने घ्यावी, हे न्यायाला धरूनच आहे.

वर्गातील हवा बिघडते कशी? आपण बाहेर टाकलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेतील प्रमाणाच्या सुमारे शंभर पट असते. दारे-खिडक्या बंद करून मुले दाटीवाटीने बसली, की हा वायू साचत जातो. डोके जड होते, जांभया येतात, पाठात लक्ष लागत नाही. एकाचा खोकला दुसऱ्यास जडतो, तोही अशाच कोंदट हवेत. त्यात खडूची धूळ आणि पावसाळ्यात ओलावलेल्या भिंतींवरील बुरशी यांची भर पडते. म्युनिक येथील शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे प्रतिपादन केले, की खोलीतील हवेच्या हजार भागांत या वायूचा एकापेक्षा अधिक भाग नसावा. हे प्रमाण आजही मार्गदर्शक मानले जाते.

यावर उपाय सोपा वाटतो : समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या आणि वारा खेळू द्यावा. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत हा उपाय नेहमीच सुखाचा ठरत नाही. ठाण्यात घोडबंदर मार्गालगत खिडकी उघडली, की वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि कर्कश आवाज एकदमच आत येतात. कल्याणच्या आधारवाडी येथील कचराभूमीला वेळोवेळी आगी लागत व त्यांचा धूर वस्तीत शिरे. २०२१ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला, तर २०२० साली औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी दिसू लागला. अशा ठिकाणी शिक्षकांपुढे पेच उभा राहतो. खिडकी लावावी तर आतली हवा कोंदते. उघडावी तर बाहेरचा धूर आत येतो. हवा गाळणारे यंत्र धूलिकण अडविते, परंतु श्वासातून साचलेला कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही. म्हणून हा पेच एकट्या शाळेला सुटणारा नाही. रस्ता, कारखाना आणि कचरा यांवर मुख्याध्यापकांची सत्ता चालत नाही. तेथे कायदाच हवा.

आपल्याकडे कायदे नाहीत, असे नाही. वायुप्रदूषणास आळा घालणारा अधिनियम १९८१ साली झाला. २००९ साली बारा घटकांच्या मर्यादा निश्चित करण्यात आल्या. पण त्या परिसरातील, म्हणजे बाहेरच्या हवेच्या. शुद्ध हवा व पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात म्हटले. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने बंदी केली. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या अनुसूचीत पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, क्रीडांगण आणि कुंपण यांचा उल्लेख आहे. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असेही तीत म्हटले आहे. ही तरतूद अध्यापनासाठी असली, तरी दाटी कमी झाल्याने हवेसही ती उपकारक ठरते. मात्र वर्गातील हवा किती शुद्ध असावी, याविषयी ती अनुसूची मौन पाळते.

इतर देशांनी हे मौन सोडले आहे. जपानमध्ये शाळांच्या आरोग्यविषयक मानकांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत १५०० भागांपर्यंत असावे, असे सांगितले आहे. फ्रान्सने २०१० च्या कायद्याने मुलांच्या संस्थांतील आतल्या हवेवर देखरेख ठेवण्याचे बंधन घातले.

आपल्याकडे असा कायदा झाल्यास त्यात तीन गोष्टी असाव्यात. वर्गातील हवेची मर्यादा आकड्यांत सांगावी. ती नियमाने मोजून आकडे पालकांना दिसतील असे लावावेत. आणि मर्यादा ओलांडल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हे नि:संदिग्धपणे नमूद करावे. खिडक्या दुरुस्त करण्यासाठी व पंखे बसविण्यासाठी लागणारा पैसा शासनाने आणि नगरपालिकांनी पुरवावा. धूर सोडणारा दूर राहिला आणि दंड मात्र गरीब शाळेस झाला, तर तो न्याय म्हणता येणार नाही.

कायदा होईपर्यंत आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून दारे-खिडक्या उघडाव्या, फळा ओल्या फडक्याने पुसावा, शाळेच्या आवारात कचरा जाळू देऊ नये. पण जे एका शाळेच्या हातचे नाही, ते सर्वांनी मिळून मागावे लागते. शाळेत स्वच्छ पाणी मिळणे हा आज मुलांचा हक्क मानला जातो. स्वच्छ हवेलाही तोच मान मिळाला पाहिजे.