निवृत्त विमानांचे जतन : नेमके काय जपायचे?

१. प्रास्ताविक

एखाद्या चौकात, उद्यानात किंवा सैनिकी संस्थेच्या प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर उभे केलेले जुने लढाऊ विमान आपण पाहिले असेल. ते विमान तेथे ‘जतन’ करून ठेवले आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. या पाठात हेच गृहीतक तपासून पाहायचे आहे.

‘जतन’ हा शब्द संस्कृत ‘यत्न’ या शब्दापासून आला आहे. केवळ व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही, हे आपण जाणताच. तरी येथे ती मार्गदर्शक ठरते. वस्तू ठेवून देणे वेगळे आणि तिच्यासाठी सतत यत्न करणे वेगळे. शिवाय हे यत्न कशासाठी करायचे, हेही आधी ठरवावे लागते. कारण जुन्या विमानातील सर्वच गोष्टी एकाच वेळी जपता येत नाहीत. हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

२. ऱ्हासाची कारणे

सेवेत असलेले विमान प्रत्येक उड्डाणापूर्वी आणि उड्डाणानंतर तपासले जाते. ठरावीक तासांनंतर त्याचे भाग उघडून पाहिले जातात, झिजलेले भाग बदलले जातात. विमान निवृत्त होताच ही देखभाल थांबते आणि ऱ्हासाला प्रारंभ होतो.

विमानाचा सांगाडा व पत्रा प्रामुख्याने ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंचा असतो. शुद्ध ॲल्युमिनिअम मऊ असल्यामुळे त्यात तांबे, मॅग्नेशिअम यांसारखे धातू मिसळून त्याला बळकटी आणतात. मात्र तांब्याच्या मिश्रणामुळे हा धातू लवकर गंजतो. म्हणून अशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर चढवलेला असतो. जेथे हा थर खरवडला जातो किंवा रिव्हेटसाठी छिद्र पाडलेले असते, तेथून गंज आत शिरतो. लोखंडाच्या तांबड्या गंजाप्रमाणे तो डोळ्यांत भरत नाही. आरंभी पांढरी भुकटी दिसते, पुढे पत्रा फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

याशिवाय पोलाद व ॲल्युमिनिअम एकमेकांना टेकलेले असून त्यांत ओलावा साचला, तर तेथे लहानशा विद्युतघटासारखी क्रिया घडते आणि ॲल्युमिनिअम झिजत जाते. पाणी वाहून जाण्याची छिद्रे पाने व धूळ यांनी बुजतात. पक्षी आत घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेने धातू खराब होतो. उन्हाने रबराला तडे जातात, वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक आवरण धुरकट होते. अशा वेळी वरून नवा रंग दिला तर विमान उजळ दिसते, परंतु रंगाखालचा गंज तसाच राहतो.

आपल्याकडील पावसाळा आणि सागरी हवा यांमुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. गोव्यातील बोगमाळो येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमानन संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर यांसारखी विमाने पाहायला मिळतात. आधी एअर इंडियाच्या, मग हवाई दलाच्या आणि अखेरीस नौदलाच्या सेवेत राहिलेले सुपर कॉन्स्टेलेशनही तेथे आहे. एवढी मोठी विमाने छपराखाली आणणे खर्चिक असते. समुद्राच्या सान्निध्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला मात्र खारी हवा आणि पाऊस यांचा मारा बाराही महिने सोसावा लागतो.

३. कानपूरची लिबरेटर विमाने

आता एक बोलके उदाहरण पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२४ लिबरेटर जातीची १८,००० हून अधिक बॉम्बफेकी विमाने बांधली. युद्ध संपल्यावर त्यांपैकी बहुतेक वितळवण्यात आली. आज त्यांतील अगदी मोजकी शिल्लक आहेत आणि त्यांतली अनेक भारतातून गेलेली आहेत.

ब्रिटिश हवाई दलाला ही विमाने अमेरिकेकडून लेंड-लीज कराराने मिळाली होती. युद्धानंतर भारतातील अशी विमाने कानपूर येथे गोळा करून, ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड करण्यात आली. स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानांची निकड होती. त्यामुळे १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञांनी या भंगारातून विमाने उभी केली. तात्पुरती दुरुस्ती केलेली ही विमाने वैमानिक जमशेद मुन्शी यांनी कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तेथे पूर्ण दुरुस्ती होऊन सुमारे ४० विमाने भारतीय हवाई दलात दाखल झाली. पुण्यात तळ असलेल्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने त्यांच्या साहाय्याने सागरी टेहळणी केली. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली.

त्यानंतर त्यांतील काही विमाने अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील संग्रहालयांत गेली. एक दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. या विमानांना कोणी ‘वारसा’ म्हणून वाचवले नव्हते. गरजेपोटी ती वापरात राहिली, वापरामुळे त्यांची देखभाल झाली आणि म्हणूनच ती उरली.

४. जपण्याजोगे चार घटक

जुन्या विमानात जपण्याजोगे चार घटक असतात : मूळ द्रव्य, बाह्य रूप, उडण्याची क्षमता आणि इतिहासाची नोंद. एक जपताना दुसऱ्याचा काही अंशी त्याग करावा लागतो.

मूळ द्रव्य जपायचे असेल, तर विमान छपराखाली, नियंत्रित हवेत ठेवून त्याला कमीत कमी हात लावावा लागतो. मग ते उडवता येत नाही. उडवायचे असेल, तर गंजलेले भाग काढून नवे बसवावे लागतात. मूळ धातू कमी होत जातो आणि जोखीमही राहते. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील डॅलस येथील प्रात्यक्षिकात महायुद्धकालीन दोन विमानांची हवेत टक्कर होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्या दोन दुर्मीळ विमानांचाही नाश झाला.

बाह्य रूपाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. भारतातून गेलेले एक लिबरेटर अमेरिकेत दुरुस्त होऊन १९८९ मध्ये पुन्हा उडाले. पुढे त्यावर निरनिराळ्या अमेरिकी विमानांची नावे व रंगचिन्हे चढवली गेली. धातू मूळचा होता. पण त्याच विमानाने भारतीय हवाई दलात घालवलेली वर्षे प्रेक्षकाच्या नजरेआड झाली.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातील आहे. राजीव चंद्रशेखर यांनी डकोटा विमानाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ हवाई दलाला एक डकोटा भेट दिले. २०१८ मध्ये ब्रिटनहून ते उडत भारतात आले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन गेलेल्या डकोटाचा हा क्रमांक. हे विमान ते नव्हे. परंतु त्याच जातीचे आहे, उडते आहे आणि त्या दिवसाचे स्मरण देते. येथे द्रव्याऐवजी स्मृती जपली आहे. हा मार्ग गैर नाही, मात्र प्रेक्षकाला ही वस्तुस्थिती कळली पाहिजे.

म्हणून चौथा घटक, म्हणजे नोंद, सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, रंग कोणत्या काळचा, विमान कोठे कोठे सेवेत होते, हे लिहून ठेवणे तुलनेने स्वस्त आहे. नोंद नसेल, तर विमान उरूनही त्याचा इतिहास हरवतो.

५. समारोप

सर्व निवृत्त विमाने जपणे शक्य नाही. निधी, जागा आणि कुशल हात मर्यादित आहेत. थोडी विमाने निवडून ती छपराखाली आणणे हे, अनेक विमाने उघड्यावर उभी करून विसरून जाण्यापेक्षा श्रेयस्कर होय. यापुढे चौथऱ्यावरचे विमान पाहाल तेव्हा क्षणभर थांबून रिव्हेटच्या कडांकडे पाहा आणि माहितीफलक शोधा. तेथे यत्न चालू आहे की नाही, हे या दोन गोष्टी सांगतील.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. सेवेतून निवृत्त झाल्यावर विमानाचा ऱ्हास का सुरू होतो, ते स्पष्ट करा.
२. ‘वापरात राहिली म्हणून उरली’ हे विधान लिबरेटर विमानांच्या आधारे विशद करा.
३. आपल्या परिसरातील एखादी जुनी वास्तू किंवा यंत्र घ्या. तिच्या बाबतीत चार घटकांपैकी काय जपले गेले आणि काय गमावले, ते दहा ओळींत लिहा.