पालकांमधील संघर्ष आणि अर्भकाचे ताण-नियमन

पालकांमधील संघर्ष आणि अर्भकाचे ताण-नियमन हा विकासात्मक मानसशास्त्रातील अभ्यासविषय आहे. आई-वडिलांच्या वारंवार होणाऱ्या तीव्र भांडणांचा बाळाच्या ताणातून सावरण्याच्या क्षमतेवर होणारा परिणाम त्यात तपासला जातो.

शारीरिक यंत्रणा

धोक्याची जाणीव होताच हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसोल हे संप्रेरक स्रवते. धोका टळल्यावर हृदयाची गती पूर्ववत करण्यात व्हेगस चेतेचा मोठा वाटा असतो. तान्ह्या बाळात ही व्यवस्था अपक्व असल्याने कडेवर घेणे, थोपटणे, ओळखीचा आवाज यांवर ते अवलंबून असते. भांडणात मात्र बाळाला घाबरवणारी आणि शांत करणारी माणसे एकच असतात.

झोपेतील बाळांवरील प्रयोग

‘बाळ झोपले आहे, त्याला काय कळते’ या समजुतीला २०१३ मधील एका संशोधनाने छेद दिला. ओरेगन विद्यापीठातील ॲलिस ग्रॅहम, फिलिप फिशर व जेनिफर फायफर यांनी सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना वेगवेगळ्या स्वरांतील निरर्थक वाक्ये ऐकवून मेंदूचे चुंबकीय प्रतिमांकन केले. घरात अधिक भांडणे असलेल्या बाळांच्या मेंदूत अतिशय रागीट स्वराला हायपोथॅलॅमससह ताणाशी निगडित भागांत तीव्र प्रतिसाद आढळला. अभ्यास लहान होता आणि त्यातून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

ऊसतोड हंगामातील अर्भके

केज तालुक्यातील युसूफ वडगाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचल दोघांच्या श्रमातून फिटते; त्यामुळे वाद झाला तरी काही दिवस वेगळे राहण्याची सोय नसते. थोरली मुले पुष्कळदा आजी-आजोबांकडे राहतात, अंगावर पिणारे बाळ मात्र आईबरोबर फडावर जाते. गावी भांडणाच्या वेळी बाळाला उचलून ओसरीवर नेणारी आजी असते. एकखणी कोपीत ना दुसरी खोली, ना आजी. या कुटुंबांत भांडणे अधिक होतात असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे होईल.

भांडण हिंसेपर्यंत गेल्यास कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ लागू होतो. त्याच्या कलम २७ नुसार पीडित स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. त्यासाठी हंगाम संपून गावी परतण्याची वाट पाहावी लागत नाही.