मेंदूत पसरलेला स्तनाचा कर्करोग
स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तप्रवाहातून मेंदूत पोहोचून तेथे दुय्यम गाठी निर्माण करू शकतात, आणि हा धोका विशेषतः पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त प्रमाणात असलेल्या, तसेच हर-२ आणि संप्रेरक-ग्राहके यांचा अभाव असलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात अधिक असतो. कवटी ताठर असल्यामुळे गाठ व तिच्याभोवतीची सूज यांनी आतील दाब वाढतो, आणि सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, आकडी, एका अंगाची दुर्बलता किंवा स्वभावातील बदल ही लक्षणे दिसू लागतात. स्वभावातील बदल घरच्यांना आजारपणाने खचलेल्या मनाचा परिणाम वाटतो व तपासणी लांबते, ही खरोखर खेदाची बाब आहे.

पेशी मेंदूच्या आवरणांत पसरल्या, तर दुहेरी दिसणे, हनुवटी बधिर होणे, लघवीवरील ताबा सुटणे अशा वरवर असंबद्ध तक्रारी एकत्र येतात. अशा वेळी एमआरआयबरोबर कमरेतून काढलेल्या मस्तिष्कमेरू द्रवाचीही तपासणी करावी लागते.

मेंदूतील रक्तवाहिन्यांचे घट्ट अस्तर, म्हणजे रक्त-मेंदू अडथळा, अनेक औषधांना रोखतो. हर-२ला लक्ष्य करणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाचा रेणू मोठा असल्याने तो मेंदूत फारसा पोहोचत नाही, म्हणून शरीरातील रोग आटोक्यात असतानाही मेंदूत गाठी उद्भवू शकतात. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले ट्युकॅटिनिब हे लहान रेणूचे औषध, इतर औषधांच्या जोडीने, मेंदूत गाठी असलेल्या अशा हर-२ जास्त असणाऱ्या रुग्णांनाही उपयोगी ठरले आहे. सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन, तर गाठींसाठी शस्त्रक्रिया किंवा नेमक्या जागी केंद्रित केलेला किरणोपचार योजतात.