न उगवलेला दात आणि जबड्यातली पिशवी

वरवर निरोगी दिसणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात द्रवाने भरलेली एक पिशवी कसलीही वेदना न देता महिनोन्महिने वाढत राहू शकते, आणि बहुतेक वेळा तिचा पत्ता लागतो तो एखादा पक्का दात वेळेवर न आल्यामुळे किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमुळे. या पिशवीला दंतवैद्य सिस्ट म्हणतात, तर परिभाषेत तिचे नाव पुटी असे आहे. तिला स्वतःचे पातळ अस्तर असते, आतला द्रव भोवतालचे पाणी ओढून घेतो, आणि त्या दाबाने आजूबाजूचे हाड हळूहळू विरघळत जाते. सिस्ट म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र दुर्लक्ष झाल्यास ती जबडा पोकळ करते, शेजारच्या दातांना जागेवरून ढकलते आणि क्वचित हाड मोडण्यासही कारण ठरते.

किशोरवयात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवतीच्या आवरणात द्रव साठून जी सिस्ट होते तिला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात, आणि ती अक्कलदाढ, वरचा सुळा किंवा खालची उपदाढ यांच्याभोवती अधिक दिसते. किडून मृत झालेल्या दाताच्या मुळाच्या टोकाशी होणारी ती रॅडिक्युलर सिस्ट. या दोहोंना जोडणारा एक दुवा दुधाच्या दाढेत असतो. तिची कीड खोलवर गेली की संसर्ग मुळांवाटे खाली उतरतो आणि त्याच जागी घडत असलेल्या पक्क्या उपदाढेच्या आवरणाला सूज आणून तिथेही सिस्ट निर्माण करू शकतो. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच महागात पडू शकते.

निदानासाठी दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा ओपीजी हा एक्स-रे काढतात, आणि गरज भासल्यास त्रिमितीय सीबीसीटी तपासणी करतात. तथापि एक्स-रेवर सारख्याच दिसणाऱ्या काळ्या गोलाकार सावलीमागे केराटोसिस्टही असू शकते, जी काढल्यावरही पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते, किंवा अमेलोब्लास्टोमा हा जबड्यातला ट्यूमरही असू शकतो. त्यामुळे अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय निदान पक्के मानले जात नाही.

उपचाराचे दोन मार्ग जर्मन शल्यविशारद कार्ल पार्ट्श यांच्या नावाशी जोडले गेले आहेत. एका मार्गात संपूर्ण पिशवी सोलून बाहेर काढतात. लहान सिस्टसाठी तो सरळ आणि खात्रीचा असतो, पण पिशवी मोठी असली की तिच्यात अडकलेला दात, वाढत्या दातांचे अंकुर किंवा खालच्या ओठाला संवेदना देणारी नस यांना धोका पोचतो. पार्ट्श यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मार्गात पिशवीला तोंडाच्या बाजूने केवळ एक खिडकी पाडतात, जेणेकरून आतला दाब उतरतो, पोकळी आक्रसते आणि हाड पुन्हा भरून येते. किशोरवयात या मार्गाला विशेष महत्त्व आहे, कारण ज्या दाताचे मूळ अजून पूर्ण झालेले नाही तो वाट मोकळी होताच पुष्कळदा आपोआप वर येतो, आणि न आल्यास तारेच्या उपचाराने त्याला हळूहळू जागेवर ओढता येते.

या पद्धतीची खरी कसोटी मात्र शस्त्रक्रियेनंतर घरी लागते. खिडकी मिटू नये म्हणून तिच्यात अक्रिलिकचे बूच किंवा छोटी नळी बसवतात, आणि जेवणानंतर, सुई नसलेल्या सिरिंजने मिठाचे पाणी आत सोडून, पोकळीत अडकलेले कळण्याच्या भाकरीचे कण किंवा शेंगदाण्याच्या चटणीचा कूट निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे लागते. हे काम काही महिने, कधी वर्षभरही चालते; पोकळी लहान होईल तसे बूचही लहान करावे लागते, आणि अधूनमधून एक्स-रे काढून भरत आलेले हाड पाहावे लागते.

खानदेशात इथेच अडचण उभी राहते. धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, धुळ्यात ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालयही आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातल्या गावातून प्रत्येक फेरीसाठी मुलाची शाळा आणि पालकांची मजुरी बुडते, आणि सूज ओसरली की येणे थांबवण्याचा मोह होतो. म्हणूनच उपचार ठरवताना सिस्टच्या आकाराइतकाच घरच्यांना झेपणाऱ्या फेऱ्यांचाही विचार करावा लागतो, कारण अर्ध्यावर सोडलेली खिडकी मिटून सिस्ट पुन्हा वाढू शकते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. शाळेत येणाऱ्या पथकापुढे तोंड उघडलेल्या मुलाचा एका बाजूचा सुळा आला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिने उलटूनही आला नाही, किंवा किडलेल्या दुधाच्या दाढेखालची हिरडी टणक फुगलेली दिसली, तर एका एक्स-रेची शिफारस पुरेशी असते. एवढ्या लवकर सापडलेल्या सिस्टसाठी उपचार लहान असतो, आणि धुळे-जळगावच्या फेऱ्याही मोजक्याच पडतात.