कॅमेऱ्याची साक्ष

गेल्या दिवाळींत आमच्या मैंदर्गीच्या घरांत नवा कॅमेरा आला. धाकट्या बंधूंच्या मुलानें तो घेतला, तोही दुकानांत हाताळून नव्हे. त्याच कॅमेऱ्यानें टिपलेलीं म्हणून एका छायाचित्रकारानें दाखविलेलीं तिन्हीसांजेचीं चित्रें पाहून. पुढें दिवेलागणीस त्यानें तो आमच्याच ओसरीवर रोखला, तेव्हां सावल्या काळ्याठिक्कर आणि पणत्यांच्या ज्योती म्हणजे नुसते पांढरे ठिपके निघाले. त्या मूळ चित्रांवर संगणकाच्या साहाय्यानें बराच हात फिरविलेला होता, हें मागाहून कळलें. कॅमेरा वाईट नव्हता. मुलाचाही हात कच्चा होता. पण आपण नक्की काय विकत घेत आहों, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

चित्रावर हात फिरविणें हें पाप, असें आम्ही म्हणत नाहीं. काचेच्या प्लेटींच्या काळांत छायाचित्रकार टोकदार पेन्सिलीनें मुद्रेवरील डाग बुजवीत. आमच्या पणजीची तसबीर अशीच गुळगुळीत आहे. तिच्या गालांवर देवीचे वण होते, हें आम्हांस तिला पाहिलेल्या माणसांकडूनच कळलें. त्या तसबिरीनें तिच्या रूपाविषयीं थोडें गोड सांगितलें, भिंगाच्या गुणाविषयीं मात्र कांहींच दावा केला नाहीं. दावा बदलला, कीं कर्तव्य बदलतें. ‘पाहा, हा कॅमेरा असें टिपतो’ असें म्हटल्याबरोबर चित्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहतें. मग त्याला कोणी पढविलें असल्यास तें उघड झालेंच पाहिजे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यानें १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एकाच चित्राच्या हात न फिरविलेल्या व फिरविलेल्या अशा दोन प्रती शेजारीं शेजारीं मांडल्याचें छायाचित्रणाच्या इतिहासांत नमूद आहे.

मोठमोठ्या कंपन्यांना मात्र हें साधलें नाहीं. २०१२ सालीं नोकियानें लुमिया ९२० या फोनची स्थिरता दाखविण्यासाठीं सायकलवरील तरुणीचें चलच्चित्र प्रसिद्ध केलें. वाटेंतील एका काचेंत प्रतिबिंब उमटलें, त्यांत भलामोठा कॅमेरा घेतलेला मनुष्य दिसला! कंपनीस क्षमा मागावी लागली. २०१६ सालीं हुआवेनें पी-९ फोनच्या स्तुतीसह दिलेलें चित्र कॅननच्या महागड्या कॅमेऱ्यानें घेतलेलें निघालें. चित्राच्या पोटांतच कॅमेऱ्याचें नांव नोंदलेलें होतें, आणि तें पुसण्याचें भान कोणास राहिलें नव्हतें.

यावर जाणते छायाचित्रकार विचारतात, कीं संस्कारावांचून चित्र आतां असतेंच कोठें? हा प्रश्न पोकळ नव्हे. आजचा फोन एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करतो, अंधार उजळतो, कातडी नितळ करतो. २०२३ सालीं एकानें चंद्राचें मुद्दाम धूसर केलेलें चित्र पडद्यावर ठेवून सॅमसंगच्या फोननें टिपलें, तर मूळांत नसलेले बारकावे त्यांत उमटले. तेव्हां ‘कांहींच केलें नाहीं’ हें वाक्यही पुरतें खरें नसतें. परंतु यंत्र स्वतः जें करतें तें घेणाऱ्यालाही मिळणार आहे. छायाचित्रकारानें मागाहून तासभर बसून केलेलें त्याला मिळणार नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच, आणि त्यास दोन ओळी पुरतात: उजेड कोणता होता, तिवई होती कीं नाहीं, नंतर काय केलें. कॅमेरा कंपनीकडून फुकट आला असल्यास तेंही.

कायदाही कांहीं अंशीं याच बाजूचा आहे. मुंबईची जाहिरात मानक परिषद १९८५ पासून जाहिरातींच्या सत्यतेविषयींच्या तक्रारी ऐकते. जून २०२२ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें काढलेल्या नियमांप्रमाणें खुलासा हा दाव्याच्याच भाषेंत व दाव्याच्याच टायपांत द्यावा लागतो. म्हणजे मराठींत मोठ्यानें मिरवावयाचें आणि खालीं मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजींत कबुली द्यावयाची, ही सोय उरलेली नाहीं.

आमच्या पुतण्याला आतां नवें भिंग घ्यावयाचें आहे. चित्रें आवडलेल्या दोघा छायाचित्रकारांस त्यानें पत्र लिहून, कॅमेऱ्यांतून निघालेली मूळ प्रत मागितली. एकानें ती त्याच दिवशीं पाठविली. ती बरीच फिकी आहे, तरी भिंग तेंच घ्यावयाचें असें ठरलें आहे. दुसऱ्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.