हायवेला गार, सिग्नलला गरम

मे महिन्यात मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीचा एसी एक्सप्रेसवेवर झकास चालतो. खालापूर टोलनाक्याच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली की पाच-दहा मिनिटांत तोच एसी कोमट वारा फेकू लागतो. रांग सुटली, गाडीने वेग घेतला, की पुन्हा गार. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की बऱ्याचदा लगेच उत्तर मिळतं, ‘गॅस कमी झालाय, टॉप-अप मारू.’ हे उत्तर कधीकधी बरोबर असतं, पण ते पहिलं उत्तर असू नये. दोष फक्त गाडी थांबल्यावर दिसतो, ही गोष्टच तो कुठे आहे ते बरंचसं सांगून जाते.

एसीचं काम म्हणजे केबिनमधली उष्णता उचलून गाडीबाहेर टाकणं. उचलण्याची जागा डॅशबोर्डच्या आत असते, ती कूलिंग कॉइल. टाकण्याची जागा समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात असते, तो कंडेन्सर. या दोहोंमधून फिरणारा गॅस आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असल्याने तो शून्य अंशाच्या आसपास उकळत राहतो आणि केबिनमधली उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून कंडेन्सरकडे पाठवतो. तिथे तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो.

सगळी मेख इथे आहे. बाहेरची हवा ४० अंश असेल, तर तिला उष्णता देण्यासाठी कंडेन्सरमधला गॅस तिच्यापेक्षा बराच तापलेला हवा. ६० अंशांना द्रव व्हायचं तर त्याचा दाब सुमारे २३० पीएसआय लागतो, म्हणजे टायरमधल्या दाबाच्या सातपट. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सरला भरपूर हवा पुरवतो. गाडी थांबली की भिस्त एकट्या फॅनवर. त्यात शेजारच्या गाड्यांची आणि डांबराची धग असतेच. हवा कमी पडली की दाब चढत जातो, गॅस पुरता द्रव होत नाही, कॉइल नीट थंडावत नाही. दाब फारच चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो.

थांबलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बदलते. नेहमीच्या गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे घेतं, म्हणून कॉम्प्रेसरही मंदावतो. म्हणजे संशयित दोन, समोरची हवा आणि कॉम्प्रेसरचा वेग. ते वेगळे करता आले की निम्मं काम झालं.

त्यासाठी गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक लावून उभी करा. एसी पूर्ण थंडवर, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू. डॅशबोर्डवरच्या एसीच्या झडपेत साधा थर्मामीटर अडकवा. हवा कोमट होऊ लागली की ॲक्सिलरेटर हलका दाबून फेरे १५०० ते २००० वर काही मिनिटं धरा. गारवा परत आला, तर कॉम्प्रेसर दमलाय किंवा गॅस खरोखर कमी आहे. फेरे वाढवूनही फरक नाही आणि गाडी धावू लागताच गार होतं, तर संशय फॅन आणि कंडेन्सरवर जातो. जुने मेकॅनिक मग समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडतात. पाणी पडताच झडपेतली हवा झपाट्याने गार झाली, तर उष्णता बाहेर टाकण्यातच अडचण आहे, यात शंका उरत नाही. ही चाचणी मला फार आवडते; तिला पाण्याखेरीज काहीच लागत नाही.

आता बॉनेट उघडून फॅन बघा. हात लांब ठेवा, तो कोणत्याही क्षणी सुरू होतो. एसी लावल्यावर थोड्याच वेळात तो फिरायलाच हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. दोन्ही स्वस्त भाग आहेत. काही गाड्यांत फॅनला दोन वेग असतात आणि त्यातला कमी वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो. मोटर म्हातारी झाली तर फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. बऱ्याच गाड्यांत हाच फॅन रेडिएटरही थंड ठेवतो. म्हणून कोमट एसीबरोबर इंजिनच्या तापमानाचा काटाही चढत असेल, तर गाडी पुढे रेटू नका.

फॅन ठीक असेल तर कंडेन्सरच्या पात्यांत धूळ, किडे, वाळका चिखल अडकलाय का ते पाहा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत कचऱ्याची गादी साचते, ती बाहेरून दिसत नाही. साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरची जोरदार धार पाती वाकवते आणि हवेची वाट आणखी बंद होते.

आता गॅस. बंद यंत्रणेतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बऱ्याच वर्षांत थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. ती शोधल्याशिवाय भरलेले पैसे हवेत जातात. अंदाजाने ओतलेला जादा गॅस तर आपलाच दोष वाढवतो. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो आणि सिग्नलला एसी पूर्वीपेक्षा गरम होतो. म्हणून टॉप-अपऐवजी जुना गॅस काढून, व्हॅक्यूम करून, वजन करून भरायला सांगा. किती ग्रॅम हवा, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर बहुधा लिहिलेलं असतं. व्हॅक्यूम टाळला तर आत अडकलेली हवाही दाब चढवते.

स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत सिग्नलला इंजिन बंद होतं आणि पट्ट्यावरचा कॉम्प्रेसरही थांबतो. तिथे बिघाड नसतोच. उन्हाळ्यापुरतं स्टार्ट-स्टॉप बंद ठेवा.

कॉम्प्रेसर बदलायचा निर्णय अगदी शेवटी घ्या, कारण तोच सगळ्यात महाग. फॅन, कंडेन्सर आणि गॅसचं वजन बरोबर असूनही गेजवर एका बाजूचा दाब चढत नसेल आणि दुसऱ्या बाजूचा उतरत नसेल, तेव्हाच तो झिजलाय असं म्हणता येतं. बदलताना ड्रायरही नवा घाला आणि पाइप फ्लश करून घ्या, नाहीतर जुन्याचा कीस नव्यात जातो.